स्पिंडलला लावलेलं कुंकू

वडील जिनिंगमध्ये फिटर होते. अर्धांगाचा हलका झटका आला, उजवा हात थरथरायला लागला आणि मालकाने गोड बोलून घरी बसवलं. बसले ते नावालाच. नवीन जालन्यात एक वर्कशॉप बंद पडत होतं, तिथलं जुनं मिलिंग मशीन त्यांनी भंगाराच्या भावात उचललं आणि बैलगाडीत घालून आमच्या मागच्या शेडमध्ये आणलं. पितळेची छोटी इंजिनं करायची, एवढीच हौस. मला तो शुद्ध येडेपणा वाटायचा, आणि मी तसं तोंडावर बोलायचोही.

मशीनचं सगळं ठीक होतं, स्पिंडल सोडून. स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारा मुख्य दांडा. तो पितळेच्या बुशांत, म्हणजे घट्ट बसवलेल्या नळ्यांत, फिरायचा आणि बुश झिजून इतके ढिले झालेले, की कापलेलं पितळ नांगरटीसारखं दिसायचं. वडिलांनी ठरवलं, बुश काढायचे आणि बेअरिंगवर फिरणारं नवं स्पिंडल टाकायचं. औरंगाबादच्या ओळखीच्या टर्नरने दांडा करून दिला. त्यावर पुढचं आणि मागचं अशी दोन बेअरिंग चढवायचं काम वडील स्वतः करणार होते. मिस्त्री बोलवू का विचारलं तर म्हणाले, "माझ्यानं झालं तर झालं. न्हाई झालं, मंग मी फिटर ऱ्हायलो न्हाई."

बेअरिंग तेलात तापवलं की किंचित फुगतं. तेवढ्यात ते एका दमात, सरळ खाली सरकवायचं. जरा तिरकं झालं की मध्येच आवळून बसतं, आणि उपटून काढताना दांडाही जातो नि बेअरिंगही. ते काम थरथरत्या हाताने कसं होणार, या विचाराने मला घास गोड लागत नव्हता. वडिलांनी मात्र उपाय शोधला होता. कोपर बरगडीला दाबून श्वास रोखला की हात थोडा वेळ शांत राहायचा. तसं एकदाच व्हायचं. लगेच पुन्हा केलं तर थरथर दुप्पट. मायच्या मुसळावर लोखंडी कडं सरकवत त्यांनी दिवसेंदिवस सराव केला. माय म्हणायची, "मुसळाचं लगीन लावून राह्यले तुझे दादा."

रविवारी सकाळी दांडा शेडमध्ये शिकंजात उभा आवळला, रॉकेलने पुसून लख्ख केला आणि वर स्वच्छ फडकं टाकलं. अंगणातल्या चुलीवर मायची पापडाची कढई चढली. आधी पुढचं बेअरिंग तेलात सोडलं. आम्ही दोघं तेलावरून नजर काढत नव्हतो. धूर निघण्याआधी उचलायचं, नाहीतर पोलाद मऊ पडतं.

"चल," वडील म्हणाले. चामड्याचे हातमोजे चढवून त्यांनी बेअरिंग उचललं, कोपर बरगडीला लावलं, श्वास रोखला. मी पाहिलं, हात दगडासारखा स्थिर होता. मी फडकं ओढलं.

बेअरिंग जिथे बसायचं नेमकं तिथेच ओल्या हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. खाली अक्षता चिकटलेल्या. घरात नवं लोखंड आलं की माय पूजा केल्याशिवाय राहत नसे, आणि हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बारीक कण आत गेला तरी बेअरिंग खलास. माझं डोकं फिरलं. मायवर ओरडायला मी तोंड उघडलं, तर वडिलांनी मान हलवून गप्प केलं. बेअरिंग पुन्हा तेलात गेलं. मी रॉकेलने दांडा घासून घासून पुसला, आणि तोवर तेलातून धुराची पहिली रेघ निघाली.

वडिलांनी बेअरिंग उचललं. कोपर दाबलं. हात ऐकेना. दांड्याच्या तोंडाशी बेअरिंग नुसतं हिंदकळत होतं. दोनदा त्यांनी श्वास रोखला, आणि मी मनात नाही नाही ते देव बोलावले.

"घे," ते म्हणाले.

"दादा, तुम्हीच करा."

"थंड व्हईल. जल्दी घे."

मी फडक्यात धरून ते घेतलं आणि खाली सोडलं. ते लोण्यात सुरी जावी तसं उतरलं आणि तळाला टक्कन टेकलं. वडिलांनी डाव्या हाताने फिरवून पाहिलं. "बराबर बसलं," म्हणाले. दारातून मायने हात जोडले. तिला वाटलं, पूजा फळली. तिला कोणी काही सांगितलं नाही.

मागचं बेअरिंग अजून बाकी होतं. मी म्हटलं, "जरा दम खा. हात शांत झाला की हे तुम्ही बसवा. घाई नाही."

त्यांनी हातमोजे काढून माझ्या हातात दिले. मग चुलीपुढे बसले, जाळ मागे ओढला, कढईतलं तेल न्याहाळलं आणि मला विचारलं, "सोडू का?"

जिनिंगमध्ये फिटरला हे विचारायचं काम हेल्परचं असे.