पांढरी पूड

दोन जावांच्या वाफ्यांमध्ये एकच बांध होता आणि थोरलीची नजर दिवसातून वीसदा तो ओलांडायची. पलीकडे धाकटीचा फ्लॉवर: गड्डे घट्ट, पांढरे, पानांत नीट झाकलेले. अलीकडे थोरलीचा, जरा पिवळट. यंदा खानावळवाला हंगामभर एकाच वाफ्यातून माल उचलणार होता. गेली सहा वर्षं तो थोरलीकडेच येत होता.

"नुसतं शेणखत आणि गांडूळखत," धाकटी विचारेल त्याला सांगायची. ते ऐकून थोरलीच्या पोटात दुखायचं.

"शेणानं कधी कुणाचं रूप उजळलंय?" ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझं निम्मं लक्ष तिच्या गड्ड्यांवर," तो पंपाचा वॉशर बदलत म्हणाला. "उरलेल्या निम्म्यात आपले किती वाढणार?"

एका सकाळी तिला हवं तेच दिसलं. धाकटी झारीत चमचाभर पांढरी पूड ढवळत होती. म्हणजे युरिया. आणि वर तोंडानं गांडुळांचं कौतुक! चमच्याला थोरलीनं मुठीनं उत्तर द्यायचं ठरवलं. गोणी आणली आणि आठवड्यात दोनदा रोपांच्या बुडाशी युरिया टाकला. रोपं तरारली, पानं गर्द हिरवी झाली. पंधरा दिवस ती बांधावरून मान ताठ ठेवून चालली.

खानावळवाला आला. त्यानं दोन्हीकडचा एकेक गड्डा कापला आणि उलटा करून दांडा पाहिला. धाकटीचा भरीव होता. थोरलीच्या दांड्यात करंगळी जाईल एवढं भोक, कडा तपकिरी.

"युरिया जास्त झाला, बाई. रोप भसाभस वाढतं आणि आतून पोकळ राहतं. गिऱ्हाइकांना काय पानं वाढू?"

"तीही घालतेच की. पांढरी पूड. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"ती होय?" धाकटी म्हणाली. "टाकणखार तो, जाऊबाई. आपल्या जमिनीत बोरॉन कमी आहे, नुसत्या शेणखतानं भरून निघेना. दांडा पोकळ होऊ नये म्हणून घातला. तुमच्याच फळीवरचा डबा. मुंग्यांसाठी आणलेला. तुम्हीच म्हणालात, ने."

खानावळवाल्यानं सुरी पुसली आणि आपल्या टोपल्या बांधापलीकडे नेऊन ठेवल्या.

थोरलीनं आपला कापलेला गड्डा उचलला आणि त्या भोकात करंगळी घालून पाहिली.

"रिकामा झाला असला तरी डबा आणून दे," ती म्हणाली. "झाकण घट्ट बसतं त्याचं."