पहिला घास आईचा

रेडिएटर दुरुस्तीच्या त्या दुकानात ती पाण्याच्या हौदावर वाकलेली दिसली नाही, तर खुशाल समजावं की दुकान बंद आहे. रेडिएटर हौदात बुडवायचा, नळीनं हवा भरायची आणि बुडबुडा कुठून सुटतो ते टक लावून बघायचं. सुटला तिथं कथलाचा डाग देऊन भोक बुजवायचं. धंदा बापाचा. बाप गेला तेव्हा गल्लीतल्या शहाण्यांनी हळहळत विचारलं, "आता दुकान कोण बघणार?" काही वर्षांनी, शाळा संपताच, तिनं जाऊन शटर वर केलं. तेव्हापासून गल्ली तिला बुडबुडी म्हणते. तोंडावरच म्हणते, मागून बोललेलं तिला खपत नाही.

बाप पोटाच्या कॅन्सरनं गेला. त्याच्या आधी त्याचा बापही असाच, पोट धरून. घरात तेव्हा एकच माणूस छातीठोकपणे कारण सांगत होतं, ती म्हणजे आत्या. आत्या आपल्या पोरीला घेऊन वरच्या मजल्यावर राहायची आणि खालच्या मजल्यावर राज्य करायची. भावाला पोचवून आली ती आल्याआल्या आईकडे बोट करून म्हणाली, "हिच्या हातचं खाऊन गेला माझा भाऊ. आधी सासऱ्याला घालवलं, मग नवऱ्याला." आणि शाळकरी दादाला दंडाला धरून वर नेलं. "पोरगा माझ्याकडे जेवेल." बुडबुडीलाही न्यायला आली होती. तिनं आत्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, म्हणून ती आईकडे राहिली.

 त्या दिवसापासून आईला एक सवय जडली. वाढायच्या आधी प्रत्येक भांड्यातला घास सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडात घालायचा, चावून गिळायचा, थोडं थांबायचं आणि मग वाढायचं. पाहुणा असो, शेजारीण असो, पोटची पोर असो. बुडबुडी चिडायची, "आई, मला कशाला दाखवतेस गं?" आई म्हणायची, "असू दे. हात आपोआप जातो."

दादा आत्याच्या हातचं जेवून मोठा झाला. चांगला उंच, दणकट. खाली जेवायला बसला की आत्या जिन्यातून हाक मारायची आणि तो अर्ध्यावरून उठायचा. गेल्या वर्षी तोही गेला. तेच पोट, तोच आजार.

आत्या रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "लहानपणी खालचं खाल्लं होतं ना त्यानं."

दादाच्या आजारपणात हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी घराण्याची सगळी चौकशी केली होती. कोण कशानं गेलं, कोणत्या वयात गेलं. दादाचं रक्त तपासलं, मग बुडबुडीचं आणि आईचंही. दादा गेल्यानंतर त्यांनी दोघींना बोलावून समोर बसवलं.

"तुमच्या घरात एक बिघडलेलं जनुक आहे. ते वडिलांच्या बाजूनं आलंय. आईच्या रक्तात ते नाही." बाई बुडबुडीकडे वळल्या. "तुमच्या रक्तात आहे. कॅन्सर होईलच असं नाही, पण धोका मोठा आहे. हा प्रकार पोटाच्या अस्तराखाली पसरतो, गाठ धरत नाही. दुर्बिणीला दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो."

"म्हणजे जेवणाचा काही संबंध नाही?" बुडबुडीनं विचारलं.

"कोण काय जेवलं त्यावर हे जनुक ठरत नाही. ते जन्मतः येतं."

 त्या रात्रीही आईनं वाढायच्या आधी पहिला घास स्वतःच्याच तोंडात घातला.

दरवर्षी दुर्बीण घालून बघत राहणं हा एक रस्ता होता. दुसरा रस्ता म्हणजे आजार यायच्या आतच अख्खं जठर काढून टाकणं आणि अन्ननळी खाली आतड्याला जोडणं. बुडबुडीनं दुसरा धरला. आत्या तरातरा जिना उतरून आली.

"धडधाकट पोटावर सुरी चालवून घेतेस? दुखतंय कुठं?"

"कुठंच नाही."

"मग?"

"दादाला दुखायला लागलं तेव्हा काय उरलं होतं, आत्या?"

"जेवणार कशी? हवेवर जगणार?"

"थोडं थोडं खाईन. तू काळजी करू नकोस, मी आईच्याच हातचं खाणार आहे."

आत्याचा चेहरा तांबडा झाला. "माझ्या बापाच्या रक्ताला नावं ठेवतेस?"

"नावं कशाला ठेवू? ते माझ्यातही आहे. तुझ्यातही असेल. इतकी वर्षं तू आईच्या भांड्यांत शोधत बसलीस. दादाला तर तू तुझ्याच ताटात वाढवलंस ना? मग तो कुणाच्या हातचं खाऊन गेला?"

आत्या कठडा धरून वर गेली.

आई मात्र म्हणाली, "नको गं. आता तू एकटीच राहिलीस. जरा थांबून बघू."

"हौदात बघत बसायची सवय आहे मला, आई. इथं बुडबुडा येत नाही."

ऑपरेशन झालं. काढलेलं जठर तपासलं तेव्हा अस्तराखाली कॅन्सरचे बारीक ठिपके सापडले. ऑपरेशनच्या आधीच्या दुर्बिणीत सगळं साफ दिसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "वेळेत काढलंत." बुडबुडी म्हणाली, "मग आता रडू नका कुणी."

पुढचे दिवस सोपे नव्हते. घास दोन जास्त झाले की घामानं चिंब व्हायची. गोड खाल्लं की चक्कर. अंगातलं निम्मं मांस गेलं, कपडे खुंटीवर टांगल्यासारखे दिसायला लागले. तरी एके दिवशी शटर वर गेलंच. हौदाशेजारी डबा, डब्यात चिमूटचिमूट खाणं, मधे मधे चावत बसायचं.

एका ट्रकवाल्याला राहवलं नाही. "खरंच पोट नाही म्हणे तुला?"

"नाही. तोंड शाबूत आहे. ऐकायचंय?"

ट्रकवाला गुपचूप रेडिएटर उतरवायला लागला.

अशाच एका दुपारी आत्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. दुकानात ती कधी आली नव्हती. पदराशी चाळा करत म्हणाली, "ती डॉक्टरीण कुठं बसते? माझ्या पोरीला दाखवायचंय. तिला परवापासून जळजळतंय."

"जळजळ दाखव, पण जनुकासाठी आधी तुझं रक्त द्यावं लागेल. तुझ्यात नसेल तर तिला आजोबांकडून आलं नाही."

"आणि असेल तर?"

"तर रस्ता आहे. तुझ्यासमोर उभा आहे की." बुडबुडीनं हात पुसले. "नेते उद्या. आत्ता चल, जेवायची वेळ झाली."

आत्या घुटमळली. मग आली. खालच्याच मजल्यावर, आईच्या स्वयंपाकघरात बसली. आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि सवयीनं पहिला घास स्वतःच्या तोंडाकडे नेला. बुडबुडीनं तिचं मनगट धरलं.

"आधी आत्याला वाढ."

 घास पातेल्यात परत गेला आणि वाढण आत्याच्या ताटात पडलं.  आत्यानं घास घेतला, चावला, गिळला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आईनं चमचा खाली ठेवला.

"कमी नाही," आई म्हणाली. "बरोबर आहे."