मागच्या बाकावर पप्पा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच. पप्पा लंडनजवळ स्लाऊच्या एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतात, आई केअर होममध्ये आहे. दोघांचीही शाळा गावाकडे दहावीच्या अलीकडेच सुटली. मला लीड्सला सिव्हिल इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा पप्पा बसच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगून आले.

कोर्समध्ये तिसरं वर्ष परदेशात करायची सोय होती. शाळेपासून जर्मन घेतलं होतं, ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, ग्रेडही चांगला होता, म्हणून मी व्हिएन्ना निवडलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की शाळेत मी जे शिकले ते कागदावरचं जर्मन. इथली माणसं बोलतात ते वेगळंच काहीतरी. लेक्चरमध्ये मी एक वाक्य मनात जुळवेपर्यंत प्रोफेसर पुढच्या पानावर गेलेल्या असत. बाहेरून मान डोलवायची आणि रूमवर येऊन शब्दकोश उघडायचा, असं सगळं पहिलं सेमिस्टर गेलं.

हिवाळ्यात पाणीपुरवठ्याची तोंडी परीक्षा झाली आणि मी नापास झाले. जन्मात पहिल्यांदा. वर्गातल्या मुलांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिकडे एकच परीक्षा पुन्हापुन्हा देता येते, त्यामुळे नापास होणं म्हणजे ट्राम चुकणं, पुढची येतेच. पण माझी पुढची ट्राम एकच होती. परत जाण्याआधी एकदाच बसता येणार होतं, आणि तो विषय सुटला नाही तर लीड्स ते वर्ष धरणार नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. आईने पप्पांना सांगितलं. पप्पांनी मला काहीच न विचारता रजा टाकली आणि फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी विमानाने आले. मी म्हटलं, कशाला आलात? म्हणाले, तू एकटीच आहेस ना.

सकाळी चहा घेताना माझ्या फ्लॅटमेटने त्यांना इंग्रजीत सहज सांगितलं की इथे तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, कायदाच आहे तसा. कुणीही येऊन मागे बसावं आणि ऐकावं, म्हणजे बंद दाराआड कुणावर अन्याय व्हायला नको. पप्पांनी कप खाली ठेवला.

"मग मी बसतो की."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला आठवत होती ती स्लाऊच्या शाळेतली पॅरेंट्स ईव्हनिंग. पप्पा प्रत्येक टीचरपुढे हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, सर, प्लीज, पोरीकडे लक्ष असू द्या. गावाकडे हीच रीत, पोर मास्तरांच्या पदरात घालायचं. टीचर बिचारे गोंधळून हात जोडायचे आणि मी भिंतीवरचे पोस्टर वाचत बसायचे. आता इथे पप्पांनी हात जोडले आणि मी पास झाले, तर तो पास माझा राहील का? नापास झाले तर निदान ते माझं तरी असेल.

ट्राममध्ये मी त्यांना बजावलं. "पप्पा, आत एक शब्द बोलायचा नाही. हातसुद्धा जोडायचे नाहीत."

"बरं."

"नक्की?"

"अगं, बरं म्हटलं ना."

प्रोफेसरबाई आत आल्या तसे पप्पा ताडकन उभे राहिले. बाकी कुणी हललं नाही. मागे दोन-तीन मुलं होती, प्रश्न कसे विचारतात ते बघायला आलेली. बाईंनी पप्पांकडे पाहून मान लववली. त्या बसल्यावरच पप्पा बसले. मी बॅग आणि कोट त्यांच्या शेजारी ठेवून पुढे गेले.

पहिले दोन प्रश्न बरे गेले. शब्द अडखळले, पण मुद्दे आले. मग बाईंनी फळ्यावर लांबच्या डोंगरापासून शहरापर्यंत येणारी पाण्याची लाइन काढली, मधल्या एका ठिकाणी खडू टेकवला आणि विचारलं, इथे काय लागेल? मी म्हटलं, पंप. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. मी म्हटलं, मोठा पंप. मी अकरा वर्षांची होईपर्यंत गावातच होते. मोटार लावल्याशिवाय पाणी येतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बाईंच्या शेजारी बसलेल्या असिस्टंटने काहीतरी लिहून घेतलं. मी मागे पाहिलं तर पप्पा समाधानाने मान हलवत होते.

मग आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मार्क ठरवतात तेवढा वेळ मात्र दार बंद असतं. मुलांच्या मागोमाग मी कॉरिडॉरमध्ये आले, दार लागलं आणि वळून पाहते तर पप्पा नाहीत. ते आतच राहिले होते. सूचना जर्मनमध्ये होती, त्यांना कोण सांगणार? दार ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. आतून बाईंचा आवाज आला, मग पप्पांचा, मग पुन्हा बाईंचा.

बोलावलं तेव्हा पप्पा मागच्या बाकावर माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. बाई म्हणाल्या, चार. तिकडे एक सगळ्यात वरचा आणि पाच म्हणजे नापास. मी काठावर सुटले होते.

बाहेर आल्यावर मी पप्पांना विचारलं, आत काय झालं? ते म्हणाले, काही नाही. मी त्यांच्या हातातली बॅग धरून पुन्हा विचारलं.

"जोडले हात," ते म्हणाले. "सगळे उठून गेले, मी एकटाच उरलो. मला वाटलं आता पालकांशी बोलणार. म्हटलं, मॅडम, माय डॉटर, व्हेरी हार्ड वर्क."

मी त्यांना तिथेच उभं केलं आणि परत दार ठोठावलं. पुढचा मुलगा आत जायला निघाला होता, त्याला म्हटलं, थांब. बाईंना सरळ विचारलं, हा चार माझा आहे की माझ्या वडिलांचा? असिस्टंट हसला आणि बाईंकडे बघून कागद चाळू लागला. बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही कष्ट करता असं ते म्हणाले. कष्टाला इथे मार्क नसतात. असते तर तुम्हाला याहून चांगला ग्रेड मिळाला असता."

मग त्यांनी मला फळ्याजवळ बोलावून तो तिसरा प्रश्न समजावला. पाणी डोंगरातून आपल्या उतारानेच येतं. त्या ठिकाणी त्याला जोर द्यायचा नसतो, असलेला जोर कमी करायचा असतो.

मी विश्वास ठेवला. पूर्ण ठेवला असं मात्र नाही सांगणार. ज्या वेळी दार बंद होतं, त्या वेळी आत बसलेला साक्षीदार एकच होता, आणि त्याला जर्मनचं एक अक्षर कळत नव्हतं.

ट्राममध्ये पप्पांनी विचारलं, काय चुकलं? मी मराठीत सांगितलं, पाणी, डोंगर, उतार, सगळं, आणि मराठीत ते अगदी सोपं निघालं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी पण मोटारच म्हटलं असतं," ते म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन आला. पप्पांनी माझ्याकडे न बघता तो उचलला.

"झाली पास. आपली आपण झाली," ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड वळवलं. "नाही गं, मी कशाला बोलतोय? एक शब्द नाही बोललो."