बिनक्लचचे देवचंदभाऊ

चोपड्यात देवचंदभाऊंइतकी ऐट कोणाची नव्हती, आणि ती ऐट कशावर? तर डाव्या पायावर. गाडी चालवताना तो पाय रिकामा असायचा! धरणाच्या कामावर आलेले परदेशी इंजिनियर मायदेशी परतले, तेव्हा त्यांची जुनी व्हॅन लिलावात निघाली आणि भाऊंनी ती उचलली. गिअर आपोआप पडणार, क्लच नावाची भानगडच नाही. भाऊ त्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकले आणि लगेच जगातल्या बाकी ड्रायव्हरांना नावं ठेवायला लागले. बायकोचा सख्खा भाऊ लोटन जीप चालवायचा. त्याला चारचौघांत म्हणायचे, "काय रे लोटन, दिवसभर शिलाई मशीन चालवस का?" लोटन कसंनुसं हसायचा. बहिणीचा नवरा, त्याला बोलणार काय?

व्हॅन लग्नाची वऱ्हाडं न्यायची आणि घर तिच्यावरच चालायचं. गिअरच्या दांड्याजवळ इंग्रजी अक्षरं होती. ती भाऊंनी कोणाला विचारली नाहीत. विचारलं तर मोठेपणा कसला? अर्थ स्वतःच लावला. D म्हणजे डबा रिकामा, L म्हणजे लोड. खरं तर L ही घाटात हळू चढायची जागा. पण वऱ्हाड बसलं की भाऊ दांडा L वर ओढायचे आणि सपाट रस्त्यानं शिरपूरपर्यंत गाडी तशीच कोकलत न्यायचे. "लोड शे, आवाज व्हईच," असं वर सांगायचे.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, शिरपूरजवळच्या एका गावाच्या वेशीवर गाडीनं मान टाकली. इंजिन चालू, पण गाडी पुढे म्हणून सरकेना. मागे मात्र झकास जायची. मुहूर्त तोंडावर आलेला. भाऊंनी गाडी कशीबशी वळवली आणि रिव्हर्समध्ये मांडवापर्यंत नेली. नवरदेव पाठमोरा दारात आला. वाजंत्रीवाले वाजवायचं सोडून हसत बसले आणि नवरीची आत्या म्हणाली, "हाऊ नवरदेव यी ऱ्हायना का जाई ऱ्हायना?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी धुळ्याला इसाक मिस्त्रीकडे आली. इसाकनं आयुष्यात असला गिअरबॉक्स पाहिला नव्हता, पण तसं कबूल करील तर तो मिस्त्री कसला! तेलाचा वास घेऊन त्यानं निकाल दिला, "भाऊ, अंदर सब जल गया. मुंबईच्या भंगार बाजारातून असाच जुना गिअरचा डबा आणू. चालला तर चालला. नाहीतर मॅटॅडोरचा साधा गिअरबॉक्स बसवतो, क्लचसकट. वो बरसों चलेगा."

शेंबड्या पोरानंही दुसराच रस्ता धरला असता. लोटन तेच म्हणाला, घरी बायको लिलाबाई तेच म्हणाली. भाऊ मात्र भडकले. "वाघाला गवत खाऊ घालता का? क्लच बसवला तर त्या व्हॅनची इज्जत काय राहील?" अशी भाषणं ते रोज देत राहिले. मुंबईहून डबा काही येईना आणि लग्नाच्या तारखा एकेक करून हातच्या जायला लागल्या.

इज्जत व्हॅनची नव्हती हो, भाऊंची होती! क्लच त्यांना येतच नव्हता. एकदा लोटन जेवायला बसलेला असताना त्यांनी गुपचूप त्याची जीप सुरू करून पाहिली होती. जीप बेडकासारखी दोन उड्या मारून बंद पडली होती. हे गावाला कळलं तर तोंड कुठे दाखवायचं, एवढी एकच धास्ती त्या माणसाला खात होती, आणि तिच्यापायी घरची चूल विझली तरी चालेल अशी त्याची तयारी होती.

शेवटी लिलाबाईचं डोकं फिरलं. ती एकटी एस.टी.नं धुळ्याला गेली आणि इसाकला म्हणाली, "मिस्त्री, चार पायडल बसवा नाहीतर दहा बसवा, गाडी चालली पाहिजे."

गाडी तयार झाली. आणायला भाऊ, लोटन आणि लिलाबाई असे तिघं गेले. इसाकनं दहा माणसांसमोर किल्ली पुढे केली. भाऊंनी लगेच गुडघा धरला. "कालपासून चमक भरलीय. लोटन, तूच घे." लोटननं निमूट गाडी काढली. भाऊ शेजारी बसून "हळू, हळू" करत राहिले.

अमळनेर सोडल्यावर मोकळ्या रस्त्याला लोटननं गाडी थांबवली आणि खाली मान घालून म्हणाला, "दाजी, इथं कोणी नाही. या, बसा. अर्ध्या तासात येईल." म्हणजे याला सगळं माहीत होतं! आणि इतकी वर्षं टोमणे खाऊन हा गप्प होता! भाऊंच्या अंगाची लाहीलाही झाली. "तू शिकवणार मला? तू?"

"नाही ना बसत? मग मी बसते," मागून लिलाबाई म्हणाली आणि पदर खोचून खाली उतरली.

गाडी गचकली, बंद पडली, पुन्हा गचकली. बैलगाडीवाले थांबून फिदीफिदी हसले. लिलाबाईही त्यांच्याबरोबर हसली आणि पुन्हा किल्ली फिरवली. चोपडा येईपर्यंत तिचा तिसरा गिअर पडत होता. शेजारी बसलेल्या भाऊंनी नाक्याआधीच डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

रीतसर लायसन्स काढून पुढच्या लग्नसराईत वऱ्हाडं लिलाबाईच नेऊ लागली. लोक सुपारी घेऊन येतात. ओट्यावर देवचंदभाऊ पान लावत बसलेले असतात. त्यांना रामराम घालून लोक विचारतात, "अक्का घरमा शेतस का?"

आणि भाऊंना उठून आत हाक मारावी लागते.