उजवा कौल

गोव्यात जत्रेच्या नाटकाला पुरुष सगळे गावचे, बाई तेवढी बाहेरून आणतात. ती बाहेरची बाई मी. नवरा सोडून गेला तेव्हापासून याच कामावर मुलीला वाढवतेय. राणी, वहिनी, सासू, काय हवं ते सांगा, सगळं पाठ.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. रडणं थांबलं, झोप लागायला लागली, पण तोंड कोरडं पडायचं आणि जीभ जड व्हायची. इब्रामपूरच्या तालमीत मी एकाच वाक्यावर पुन्हा पुन्हा अडखळले. मंडळाचे अध्यक्ष मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी थेट माझ्या आईला फोन करून तक्रार केली, जणू मी शाळेतली पोर.

आमचं गाव लाटंबार्से. तिथल्या देवळात आईने कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर होय, डावीकडून पडली तर नाही. पडली उजवी.

"देवान सांगलां, गोळयो सोड," आई म्हणाली.

डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. पण देवापुढे डॉक्टर म्हणजे किस झाड की पत्ती. रोजच्या कटकटीला वैतागून शेवटी सोडल्या.

जत्रेत माझी राणी गाजली. अध्यक्षांनी व्हिडिओ गावभर फिरवला. आणि त्यानंतर मी जी आडवी झाले ती झालेच. आंघोळ नाही, जेवण नाही. मुलगी शाळा बुडवून उशाशी बसायची. "आई, तू उठतलीस मगे?" असं विचारायची. मला अजून संताप येतो. तिचा नाही, तिच्यावर ही पाळी आणणाऱ्यांचा.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आई पेज घेऊन आली आणि म्हणाली, "कौल उजवो आसून अशें कशें जालें गे?"

"तू देवाक विचारलंस तरी काय?"

"गोळयो सोडल्यार नाटक बरें जातलें काय, अशें."

देव खोटं बोललाच नव्हता. नाटक छानच झालं होतं. माझं काय होईल हे कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मग आता विचार," मी म्हटलं. "माझी ही चली, म्हणजे मी, बरी जातली काय, म्हणून विचार."

आई पेज ढवळत राहिली. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं,

"आणि डावो पडलो तर?"