भावाची पट्टी

काश्मीरच्या लढाईत मी होतो, मगर लढाई माझ्याशिवायच झाली. मी फौजेत स्वयंपाकी. खाली तळावर बसून डाळीत दोनदा मीठ टाकायचो, एवढंच माझं शौर्य. ती डाळ दुश्मनानं खाल्ली असती तर लढाई लवकर मिटली असती. तरी मला मेडल आलं. नियमच तसा. फौजेत नाव पाहिजे आणि त्या मुलखात हजेरी पाहिजे. गोळी झाडली का, ते कोणी विचारत नाई.

मेडल गोल, रुपयापेक्षा थोडं मोठं. एका अंगाला उभी तलवार, तिच्याभोवती तेज. दुसऱ्या अंगाला कमळ. लाल फितीत हिरव्या बारीक रेघा, आणि फितीवर आडवी पट्टी. तिच्यावर जम्मू-काश्मीर लिहिलंय, असं सुभेदारसाहेब बोलले. मला कुठं वाचता येतं. तलवार पाहून वाटलं, माझ्यासाठी पळी काढायला पाहिजे होती.

माझा मोठा भाऊ खरा शिपाई. तो निजामाच्या मुलखात गेला आणि गोळी लागून तिकडंच राहिला. त्या लढाईला सरकारनं नाव दिलं, पोलीस ॲक्शन. नावानं घात केला. आमच्या गावी, बहादरपुरात, लोक समजले, हा पोलिसात होता. बाया वहिनीला विचारायच्या, "कोणत्या ठाण्यावर होते गं?" सांगून सांगून ती थकली.

मी सुट्टीवर आलो तेव्हा तिनं मेडल हातात घेतलं. "भाऊजी, यांचं कधी येईल?"

"हैदराबादची पट्टी निघाली नाई, वहिनी. पट्टी नाई तर मेडल नाई."

"म्हणजे सरकारपण त्यांना पोलीसच समजतं का?"

मी मेडल तिच्या हातातून घेऊन खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी शहरात, बुधवाऱ्याच्या बाजारात, सोनाराकडे गेलो. म्हटलं, ही काश्मीरची पट्टी काढ, वहिनीला भावाचं म्हणून द्यायचंय. पट्टी गेली की मेडल भावाचं, एवढी माझी अक्कल.

सोनारानं मेडल फिरवून पाहिलं. "पट्टी काढतो. मगर कडेला तुझं नाव कोरलंय, त्याचं काय?"

मला ते रुपयाच्या कडेचे दाते वाटायचे. स्वतःचं नाव खिशात घेऊन फिरलो आणि ओळख नाई.

"घासून टाक ना."

"घासतो. मग हे तुझंपण नाई अन् त्याचंपण नाई."

मी मेडल तसंच परत घेतलं. घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं.

"मग तुम्हीच घाला. मला यांचं पाहिजे होतं." आणि ती कपाशी वेचायला गेली.

तिचं तोंड पाहून मी चौकात बसून लोकांना सांगायला लागलो, भाऊ फौजी होता, लढून मेला. लोक हसायला लागतात. जन्मभर मस्करी केली ना मी, त्यांना हीपण मस्करीच वाटते.