धुळप्पा सरांनी प्रोजेक्टर घेतला

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. आमच्या कानडी सीमेवरच्या आळंदच्या शाळेत विज्ञानाची एक प्रयोगशाळा होती. तिच्यात तीन स्टुलं, एक बंद पडलेला सूक्ष्मदर्शक, आणि मधल्या सुट्टीत डबे घेऊन बसलेले आम्ही तिघं. एकानं काही सांगायला घेतलं की दुसरा म्हणायचा, "ते प्रोजेक्टरचं सांगा की." मग डबे संपायचे, घंटा व्हायची, पण प्रोजेक्टर संपायचा नाही. आता मी रिटायर झालोय, तरी जुन्यातलं कुणी भेटलं की सुरुवात तिथूनच होते.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी जोशी, गणिताचा. दुसरे सलीम सर, उर्दू शिकवायचे. आणि तिसरे विज्ञानाचे धुळप्पा सर, ज्यांचा हा प्रोजेक्टर. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. त्यांचे वडील, ज्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, ते जन्मभर मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं फिरलेले. घरातला पहिला पगारदार माणूस म्हणजे धुळप्पा सर.

गावातलं थेटर बंद पडलं आणि तिथं तुरीचं गोदाम झालं, तेव्हापासून सरांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण त्याच्यावर त्यांना सिनेमा बघवेना. म्हणायचे, "जोशी सर, टीव्हीत हीरो बाहुलीएवढा दिसायलाय. एवढ्याशा माणसाचं कामून ऐकून घ्यायचं?"

मग कुठूनतरी त्यांना कळलं की घरातल्या भिंतीवर थेटर करता येतं.

* * *

पैशाचा प्रश्न होता. त्याच सुमारास त्यांच्या घरची म्हैस विकली, तिचे बावीस हजार आले. पण म्हैस होती शारदाक्काची, म्हणजे सरांच्या बायकोची. माहेरून आलेल्या पारडीची ती पोर. सरांनी दोन दिवस शब्द जुळवले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं.

शारदाक्का तुरी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "घ्या तुमी. पण महिन्याभरात मला पटलं न्हाई तर दारात म्हैस पाहिजे. दुसरं मी काय म्हणत न्हाई."

सर आम्हाला हे सांगताना हसत होते. सलीम सर मात्र गंभीर झाले. "सर, भाभीनं 'काय म्हणत न्हाई' असं म्हणलंय ना? मग जपून राहा."

* * *

खरेदीला आम्ही तिघं हैदराबादला गेलो. दुकानदार म्हातारा, नाकावर चष्मा, फार सभ्य. नवीन प्रोजेक्टरची किंमत त्यानं सांगितली, तेव्हा धुळप्पा सर नकळत एक पाऊल मागं सरले. बावीस हजारात दोन म्हशींचा माल कसा येणार? दुकानदार म्हणाला, हरकत नाही, ऑफिसातनं काढलेले जुने पण आहेत माझ्याकडं.

"लेकिन साब, पहले ये बोलो, आपके पास अंधेरा कितना है?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानं समजावून सांगितलं. खोलीत उजेड असेल तर जास्त ताकदीचा प्रोजेक्टर लागतो, तो महाग. खोली अंधारी असेल तर कमी ताकदीचा चालतो, तो स्वस्त. ती ताकद लुमेनमध्ये मोजतात. थोडक्यात, जेवढा तुमचा अंधार जास्त, तेवढे तुमचे पैसे वाचले.

धुळप्पा सरांची छाती फुगली. "अंधेरा? हमारे पास लई है. रोज शाम को छे बजे लाइट जाता, सीधा सुबह आता."

दुकानदारानं चष्मा काढला आणि पुसला. "साब, लाइट जाता तो ये चलेगा काय पे?"

तेव्हा सलीम सर पुढं झाले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "भाई, बात ऐसी है. हमारे पास अंधेरा रहता तब करंट नहीं रहता, करंट रहता तब अंधेरा नहीं रहता. दोनों में चलनेवाला कुछ है क्या?"

दुकानदारानं आधी आमच्यासाठी चहा मागवला. मग वीस हजारात एक जुना प्रोजेक्टर दिला आणि सांगितलं, दिवसा खिडक्या झाका, अंधार आपोआप होतो.

परतीच्या बसमध्ये सरांनी खोकं मांडीवर धरलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय ओ त्याच्यात?"

"थेटर हाय," सर म्हणाले.

बाई हुमनाबादला उतरल्या. तोपर्यंत त्या आपली पिशवी दुसऱ्या बाजूला घेऊन बसल्या.

* * *

रविवारी दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या, दार लोटलं आणि प्रोजेक्टर सुरू केला. भिंतीवर चित्र आलं. आलं ते उलटं. डोकी खाली, पाय वर.

कारण नंतर कळलं. ऑफिसात तो छताला उलटा टांगलेला होता, म्हणून आतली सेटिंग तशी केलेली. बटण दाबून बदलता आली असती, पण मेनू उघडला तर अक्षरं चिनी. चिनी का जपानी, तेही आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. आमच्या तिघांत मिळून मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी अशा सहा भाषा होत्या. मोडी मला वाचता यायची, ती धरली तरी उपयोग नव्हता.

आम्ही अर्धा तास बटणं दाबत बसलो. त्यात चित्र आधी हिरवं झालं, मग आखूड झालं, पण सरळ काही होईना. मागं अप्पा बाजेवर पडले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग उशी उचलली, पायथ्याला टाकली, मान बाजेच्या खाली सोडली आणि म्हणाले, "मला सरळ दिसायलंय. तुमी कामून भांडायलाव?"

तेच बघून सलीम सर उठले. त्यांनी प्रोजेक्टर हातात घेतला, पालथा केला आणि डब्यावर ठेवला. चित्र सरळ झालं. त्या दिवसापासून तो प्रोजेक्टर त्या घरात पालथाच राहिला. विज्ञानाच्या आणि गणिताच्या मास्तरांना जे जमलं नाही ते उर्दूच्या मास्तरांनी केलं, हे त्यांनी पुढं शाळेत कितीतरी वर्षं सांगितलं.

* * *

पडदा विकत घ्यायचा तर आणखी चार हजार. म्हणून सरांनी भिंतच स्वतः चुन्यानं रंगवली. शुभ्र दिसावी म्हणून त्यात नीळ टाकली, आणि विज्ञानाचा माणूस असूनही अंदाजानं टाकली.

सिनेमा लावला तर हीरो निळा, हिरॉईन निळी, रणरणत्या उन्हातलं गाणंसुद्धा निळं. आम्हाला कुणालाच ते बोलून दाखवायचा धीर होईना. शारदाक्का दारातून डोकावल्या, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "थंडी वाजायलीय की ओ त्यांला. कुणीतरी पांघरूण द्या."

सरांनी दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा रंगवली.

* * *

चित्र मोठं हवं तर प्रोजेक्टर मागं न्यावा लागतो. मधली खोली लहान. सर त्याला मागं मागं नेत राहिले, ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत गेले. तिथं ज्वारीच्या डब्यावर तो बसला आणि मग भिंत भरली. सर खूश. "पुरी शंभर इंच," म्हणाले. टेपनं मोजून आम्हाला दाखवलं.

पण स्वयंपाकघर स्वयंपाकघरच होतं. आमटीला फोडणी बसली की सिनेमात धुकं यायचं. मिरचीचा ठसका लागला की दुःखाचा प्रसंग नसतानाही आमच्या डोळ्यांत पाणी. एकदा तर खलनायक हीरोच्या मानेवर सुरा ठेवून उभा होता, आणि तेवढ्यात शारदाक्का पाणी आणायला निघाल्या. कमरेवर घागर घेतलेली त्यांची भलीमोठी सावली खलनायकाच्या अंगावरून शांतपणे पलीकडं गेली. खलनायक दिसेनासा झाला.

सलीम सर म्हणाले, "भाभी वेळेवर आल्या."

* * *

असं करता करता महिना भरत आला. शारदाक्का काही बोलत नव्हत्या, आणि तीच सरांना भीती. एक दिवस सरांच्या जेवणाच्या डब्यात ताकाऐवजी पाणी आलं. सरांनी ओळखलं. त्यांनी मन घट्ट केलं आणि उमरग्याच्या एका क्लासवाल्याला निरोप धाडला. त्याला मुलांना शिकवायला प्रोजेक्टर हवा होता, दामही बरा देणार होता.

माणूस रविवारी आला. सरांनी त्याला दाखवायला सिनेमा लावला. तो म्हणाला, बाजूनं कसं दिसतं तेही बघू, कुणाला तरी बसवा तिकडं. घरात होतं कोण? सर शारदाक्कांना म्हणाले, "जरा बसतीस का तिथं?"

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. महिनाभर सिनेमा त्यांच्या स्वयंपाकघरातून निघत होता, त्या कायम प्रोजेक्टरच्या मागं, आणि आम्ही पुढं. समोर बसून त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

त्या पदर खोचून बसल्या. भिंतीवर नदी आली. नावेतून वरात चालली होती. शंभर इंचांवर पाणी नुसतं हलत होतं. शारदाक्कांनी आधी पाय पोटाशी घेतले. थोड्या वेळानं पदर सोडला. गाणं संपलं, मारामारी झाली, पुन्हा गाणं आलं. क्लासवाला ताटकळून म्हणाला, "मग ताई, काय ठरलं?"

भिंतीवरची नजर न हलवता शारदाक्का म्हणाल्या, "चहा घ्या आन् जावा."

म्हैस पुढं दोन वर्षांनी आली, सरांच्या पगारातून.

* * *

क्लासवाला येऊन गेला त्याच पावसाळ्यातली एक दुपार. शारदाक्कांना पेटीत सरांच्या धाकट्या भावाच्या लग्नाची सीडी सापडली. त्या लग्नानंतर वर्षभरात सरांची आई गेली होती. सर तिला अव्वा म्हणायचे. घरात तिचा फोटो नव्हता. मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार?

आम्ही तिघं होतो, शारदाक्का होत्या, अप्पा बाजेवर. सीडी लावली. वरात झाली, अक्षता झाल्या. मग कॅमेरा बायकांच्या घोळक्यात शिरला आणि एकाएकी अख्खी भिंत भरून अव्वा आली. नाकात चमकी, डोक्यावर पदर, कुणाला तरी वाढता वाढता वर बघितलेली. सरांनी तिथंच सीडी थांबवली.

अप्पा उठले. काठी न घेता भिंतीपाशी गेले. तिच्या नुसत्या डोळ्याएवढा त्यांचा हात. जरा वेळ बघून म्हणाले, "एवढी मोठी न्हवती ती. बारीक कर."

सर म्हणाले, "अप्पा, मोठं दिसावं म्हणून तर..."

"बारीक कर."

सरांनी आणि मी ज्वारीचा डबा धरून उंबऱ्याच्या बाहेर आणला. सलीम सर भिंग फिरवून चित्र साफ करत होते. अव्वा लहान झाली.

"अजून."

डबा खोलीच्या मध्यावर आला.

"अजून."

आम्ही डबा रेटत रेटत भिंतीजवळ नेला. शंभर इंचांचं खिडकीएवढं झालं. मग अप्पांनी बाजूला उभं राहून आपला पंजा भिंतीपुढं धरला, उताणा, पसरून. अव्वाचा चेहरा त्यांच्या तळहातावर आला. हनुवटी मनगटाशी, कपाळ बोटांच्या टोकांशी. त्यांनी हात थोडा खाली घेतला, थोडा वर घेतला.

"हां. एवढी."

हात तसाच धरून म्हणाले, "आता बोलू दे तिला."

सरांनी सीडी पुढं सोडली. अव्वाचे ओठ हलले, पण सीडीवाल्यानं वरून नुसती बँडची गाणी भरली होती. तिचा शब्दही ऐकू येईना. सरांनी आवाज वाढवला तर गाणंच मोठं झालं. ते मान खाली घालून म्हणाले, "अप्पा, बोलणं न्हाई ओ याच्यात. पुसून गाणी घातल्यात."

अप्पांनी हात काढला नाही.

"असू दे," ते म्हणाले. "चारचौघांत ती माझ्यासंगं बोलतबी न्हवती."